वापरास अयोग्य लाडू

कल्पनाताईंच्या घोट्यावरचा बर्फ अजून वितळलाही नव्हता, तोवर दामोदरपंतांनी त्या घोट्याची फाइल उघडली.

त्यांना लगेच नावं ठेवू नका. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात, त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. त्यांच्या सहीशिवाय तिथून साधा स्क्रू बाहेर पडत नसे. निवृत्त होऊन बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत तपासायला मिळालं काय, तर नारळ, गॅसचा सिलिंडर आणि बाईने घासलेली भांडी. माणूस आतल्या आत झुरत होता. आता कुठे घरात एक खराखुरा बिघाड आला होता.

फाइलच्या पहिल्या पानावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. दिनांक : कार्तिकातला शेवटचा सोमवार. स्थळ : बसवनगुडी, कडलेकाई परिशे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. भाग : उजवा घोटा. दोष : बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं. त्याखाली ‘कारण’ असा एक रकाना होता. तिथे पेन थांबलं. दामोदरपंतांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि पान उलटलं.

कारण त्यांना चांगलं ठाऊक होतं. शेंगा घ्यायच्या म्हणजे माणूस मापटं भरून घेतो आणि घरी येतो. दामोदरपंत तसे घेत नाहीत. ते ढिगाच्या वरून दहा, मधून दहा आणि तळातून दहा शेंगा काढतात, फोडतात, दाणे मोजतात, मग पुढच्या ढिगाकडे जातात. त्या दिवशी सहावा ढीग चालू होता. कल्पनाताई तीनदा म्हणाल्या होत्या, ‘चला आता.’ हात मोकळे हवेत म्हणून पंतांनी आपली पिशवी मागे जमिनीवर ठेवली. गर्दीचा लोंढा आला, कल्पनाताई एक पाऊल मागे सरकल्या, त्या पिशवीवर पाय पडला आणि घोटा आत वळला. शेंगा मात्र आठ किलो घरी आल्या. रिक्षात सुजलेला पाय समोर धरून कल्पनाताईंनीच ती पिशवी मांडीवर घेतली होती.

रिक्षातच त्यांनी बोटांवर हिशेब केला होता. सव्वीस जानेवारीला नऊ आठवड्यांना एक दिवस कमी होता.

सव्वीस जानेवारीला त्यांच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की पन्नाशीपुढच्या बायकांचा थ्रोबॉलचा सामना होतो, ए ब्लॉक विरुद्ध बी ब्लॉक. ए ब्लॉक सलग तीन वर्षं हरला होता, शेवटच्या खेपेला तर दोनच गुणांनी. कल्पनाताई, वय सत्तावन्न, ए ब्लॉकच्या कर्णधार, आणि त्यांची सर्व्हिस ही संघाची एकुलती एक भीतिदायक गोष्ट. त्या नसल्या तर राखीव खेळाडू म्हणून उतरणार होत्या शेजारच्या कृष्णाबाई. कृष्णाबाईंचा चेंडू आजवर एकदाही नेटपलीकडे गेला नव्हता. एकदा तो मागे गेला होता.

डॉक्टरांनी पट्टा दिला, सहा ते आठ आठवडे सांगितले आणि स्मृतीचं नाव दिलं. स्मृती ही बसवनगुडीतली तरुण फिजिओथेरपिस्ट, तिथल्या जुन्या मराठी घराण्यातली. ती घरी आली, पाय बघितला आणि अर्धं पान लिहून दिलं. प्रत्येक जेवणात डाळ, दही, पनीर, मोड आलेली कडधान्यं, म्हणजे प्रोटीन पोटात जाईल. रोज एक आवळा किंवा पेरू. तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया, नाचणी. वजन वाढेल म्हणून कमी खायचं नाही, शरीराला दुरुस्तीला माल लागतो. सगळ्यात खाली एक ओळ होती : ‘आहाराची फक्त मदत होते, लिगामेंट बळकट होतं ते व्यायामानं. दिवसातून तीन वेळा.’

दामोदरपंतांनी कागदाची वरची बाजू वाचली, कल्पनाताईंनी खालची. दोघांनीही आपापली बाजू मनावर घेतली.

स्मृतीच्या अर्ध्या पानाची दामोदरपंतांनी अकरा पानं केली. स्वयंपाकघर त्यांनी त्याच दिवशी ताब्यात घेतलं. ज्या माणसाला जिरं आणि शहाजिरं यातला फरक चौतीस वर्षं कळला नव्हता, तो पहाटे उठून मटकी भिजवायला लागला. प्रत्येक पदार्थाला लॉट नंबर पडला. प्रत्येक डब्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली गेली, अगदी कारखान्यातल्यासारखी. हिरवी म्हणजे ‘स्वीकृत’, पिवळी म्हणजे ‘थांबवले’, आणि लाल म्हणजे ‘नाकारले, वापरास अयोग्य’. कारखान्यात हे सगळं इंग्रजीत चाले, पण घर मराठी आहे, तेव्हा चिठ्ठ्या मराठीतच, असा त्यांचा बाणा.

आता तपासणी म्हटली की चाखणं आलं. शिवाय प्रत्येक लॉटमधला एक नमुना सात दिवस राखून ठेवायचा हा नियम, त्यामुळे फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटलीला जागा उरली नाही. आणि नाकारलेलं अन्न टाकून कसं द्यायचं? ते दामोदरपंत स्वतः खात. पहिल्या महिन्यात बरंच काही नाकारलं गेलं. आंबलेलं धिरडं, खारट उसळ, नाचणीचा एक प्रकार ज्याला शेवटपर्यंत नाव मिळालं नाही. महिनाअखेरीस कल्पनाताईंचं वजन जिथल्या तिथे होतं आणि दामोदरपंतांचं चार किलोंनी वाढलं होतं.

कृष्णाबाई रोज डोकावायच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं. मराठी बोलायच्या घरात, पण शाळा सगळी कन्नडमध्ये झाली, त्यामुळे वाचायच्या कन्नडच. एकदा त्या कुळथाचं सार घेऊन आल्या. दामोदरपंतांनी त्यात प्रोटीन किती ते विचारलं. कृष्णाबाई म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या वेळेस ते घालत नसत. साराला पिवळी चिठ्ठी लागली.

कल्पनाताई यावर काही बोलत नव्हत्या. समोर येईल ते खात होत्या. आवळा आला, आवळा. जवसाची चटणी आली, चटणी. जेवणाबरोबरचा चहा बंद झाला, तोही त्यांनी सोडला, आणि कल्पनाताईंनी चहा सोडणं ही साधी गोष्ट नाही. खाऊन झालं की खुर्चीच्या पाठीला धरून त्या टाचा वर उचलायच्या, पंधरा वेळा, मग रबरी पट्टा पायाला अडकवून ताणायच्या. दुखलं की ओठ घट्ट मिटायच्या आणि गॅलरीतून खालच्या नेटकडे बघायच्या. स्मृती म्हणायची, “काकू, स्वल्प सावकाश.” काकू मान हलवायच्या आणि ती गेल्यावर आणखी पंधरा करायच्या.

असं सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात संक्रांत आली.

हळदीकुंकू कल्पनाताईंनी दरवर्षीप्रमाणे ठरवलं. तिळगुळाचं काम अर्थातच तपासणी विभागाकडे गेलं. पंतांनी तीळ, त्या आठ किलोंतले दाणे, जवस आणि भोपळ्याच्या बिया घेतल्या, गूळ जपून घातला आणि पाक जरा जास्तच पुढे नेला. हा लॉट चौदा. लाडू गार झाल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे एक लाडू ओट्यावरून खाली टाकून पाहिला. लाडू फुटला नाही. फरशीचा टवका उडाला. सगळ्या लॉटला, म्हणजे चाळीस लाडवांना, एकेक लाल चिठ्ठी बांधून डबा कपाटात गेला. रोज दोन याप्रमाणे ते आपण संपवायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग लॉट पंधरा केला. तो मऊ झाला, हिरव्या चिठ्ठ्या लागल्या, आणि पंत समाधानाने खाली बागेत जाऊन बसले, कारण बायकांच्या हळदीकुंकवात त्यांना थारा नव्हता.

कल्पनाताईंना फार वेळ उभं राहायची मनाई होती. त्या खुर्चीत बसून कुंकू लावत होत्या, वाण आणि लाडू द्यायचं काम कृष्णाबाईंकडे होतं. चार वाजता ए ब्लॉकच्या बायका आल्या आणि हिरवे लाडू घेऊन गेल्या. पाच वाजता बी ब्लॉकच्या अठरा जणी आल्या तेव्हा डबा रिकामा झाला होता. कृष्णाबाई घाबरणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी कपाट उघडलं, आणि बघतात तो दुसरा भरलेला डबा. एकेका लाडवाला कुंकवाच्या रंगाची चिठ्ठी, वर दोरा. त्यांना वाटलं, अण्णांनी, म्हणजे दामोदरपंतांनी, खास सवाष्णींसाठी म्हणून वेगळे करून ठेवले असणार. सणाला लालच बरा. त्यांनी प्रत्येक चिठ्ठीला हळदीचं बोटही लावलं.

बी ब्लॉकच्या कर्णधार अमृताताई नाशिकच्या, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. घरी जाऊन त्यांनी चिठ्ठी वाचली. मग ज्यांना मराठी येत नाही अशा तेरा जणींना त्यांनी ती वाचून दाखवली, अर्थासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात अमृताताई, हातात चिठ्ठीसकट लाडू. बसायला नको म्हणाल्या. ए ब्लॉकला ‘स्वीकृत’ आणि आम्हाला ‘वापरास अयोग्य’, ही कुठली संक्रांत, एवढंच त्यांनी विचारलं. कृष्णाबाई शेजारच्या दारात उभ्या होत्या. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्यांना तेव्हा कळलं आणि त्यांनी आपलं दार हळूच लोटून घेतलं.

दामोदरपंत समजूत घालायला पुढे आले. त्यांनी येऊ नये, असं कल्पनाताईंनी डोळ्यांनी सांगितलं होतं. पण नाकारला तो लाडू, बायका नव्हेत, हे शास्त्रशुद्ध सिद्ध करता येईल अशी त्यांची खात्री होती. त्यांनी अमृताताईंच्या हातातला लाडू घेतला आणि चाचणी दाखवायला खांद्याच्या उंचीवरून सोडला. लाडू फरशीवर आपटला, उसळला आणि अमृताताईंच्या पायाच्या अंगठ्यावर बसला.

अमृताताईंनी अंगठा चोळला नाही. त्या कल्पनाताईंकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “सव्वीसला बघू कोण अयोग्य ते. पण तुम्ही स्वतः उतरायचं. पाय दुखतो म्हणून गॅलरीत बसायचं नाही.”

“मी उतरणार आहे,” कल्पनाताई म्हणाल्या.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. सात आठवडे आवळे खाल्ले ते कशासाठी? चोवीस तारखेला स्मृतीने शेवटची परीक्षा घेतली. डोळे मिटून एका पायावर तीस सेकंद, मग छोट्या उड्या, मग बाजूला झटकन सरकणं. सगळं झालं. पट्टा बांधून खेळा, जोराने उडी नको, बाकी सरी, म्हणजे ठीक, असं सांगून ती गेली. कल्पनाताईंनी बूट काढले, पुसले आणि दाराशी ठेवले.

सव्वीसला सकाळी बघतात तर बुटांना पिवळी चिठ्ठी.

दामोदरपंत टेबलाशी फाइल घेऊन बसले होते. त्यांचं म्हणणं असं की स्मृतीचा दाखला म्हणजे बाहेरचा दाखला. कारखान्यात बाहेरून कितीही दाखले आले तरी शेवटची तपासणी आपली आपण करायची असते. लिगामेंटच्या आत डोकावता येत नाही. अजून दोन आठवडे प्रोटीन जाऊ द्यावं.

“सामना दोन आठवडे थांबणार आहे का?” कल्पनाताईंनी विचारलं.

“कृष्णाबाई आहेत की.”

“कृष्णाबाई काल देवाला नारळ बोलून आल्या आहेत, मी बरी व्हावी म्हणून. चिठ्ठी कशासाठी लावलीत? कारण सांगा.”

खरं कारण एवढंच होतं की जत्रेत घोटा वळला तेव्हा कल्पनाताईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांना अजून ऐकू येत होता, आणि तो त्यांना पुन्हा ऐकायचा नव्हता. पण हे काही फाइलमध्ये लिहिता येत नाही. बायकोला तर त्याहून सांगता येत नाही. त्यांनी नियमांचं पान काढलं.

कल्पनाताईंनी ते मिटलं. “ठीक आहे, तुमच्यासमोर परीक्षा देते. पण मोजायचं साधन आधी तपासून घ्यायचं, हा तुमचाच नियम ना? उभे राहा. डोळे मिटा. माझ्याबरोबर तीस सेकंद.”

नियमाला दामोदरपंत कधी नाही म्हणत नाहीत. दोघं समोरासमोर एकेका पायावर उभे राहिले आणि कल्पनाताई मोजू लागल्या. पाचला पंतांचा हात भिंत शोधू लागला. आठला त्यांचे चार किलो एका बाजूला निघाले. अकराला ते खाली बसले, आणि त्यांचा डावा पाय त्यांच्याच खाली गेला.

“बारा,” कल्पनाताई म्हणाल्या. डोळे मिटलेले, पाय जागच्या जागी.

“अगं, पडलो मी.”

“ऐकलं. तेरा.”

“दुखतंय.”

“चौदा. हलू नका. पंधरा.”

तिसाला त्यांनी पाय खाली टेकला, डोळे उघडले आणि मग जे काही केलं ते इतकं झपाझप केलं की पंत बघतच राहिले. पाय वर उशीवर घेतला, बर्फ ठेवला, घोट्याच्या हाडावर दोन्हीकडून बोट दाबून बघितलं, टेकवायला लावलं. हाड शाबूत होतं, पाय टेकत होता. नऊ आठवड्यांत घोट्याबद्दल जे कळायचं ते त्यांना सगळं कळलं होतं. स्मृतीला फोन झाला, ती अकराला येणार होती. मग कल्पनाताईंनी फाइल पंतांच्या मांडीवर ठेवली आणि पेन हातात दिलं. पंतांनी जमिनीवर बसल्या बसल्या सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न वाचता सही केली.

कृष्णाबाईंनी आधार देऊन त्यांना सोफ्यावर ठेवलं आणि दोघी गेल्या.

पुढचा पाऊण तास दामोदरपंतांना जड गेला. सोफ्यावरून गॅलरी दिसते, मैदान दिसत नाही. ज्या माणसाने जन्मभर डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही मानलं नाही, त्याला नुसत्या शिट्ट्यांवरून अंदाज बांधायचा होता. पहिल्या सेटनंतर बी ब्लॉकच्या बाजूने आरडाओरडा झाला, म्हणजे तो गेला. दुसऱ्यानंतर कुणीतरी थाळी वाजवली. थाळी ए ब्लॉकची होती, ती त्यांनी आवाजावरून ओळखली. तिसरा सेट संपेचना. मध्येच सगळं एकदम गप्प झालं आणि दामोदरपंतांनी उशी घट्ट धरली. ते देवाला काही मागत नसत, पण या वेळेस घोट्यापुरतं मागितलं. मग शिट्टी झाली, आणि थाळी जी सुरू झाली ती थांबेना.

कल्पनाताई आल्या त्या चालत, दोन्ही पायांवर सारखा भार टाकत. ते पंतांनी आधी बघितलं आणि मग विचारलं, “किती?”

“पंधरा-तेरा. शेवटची सर्व्हिस माझी.”

कृष्णाबाई मागून म्हणाल्या की अण्णा, अमृताताईंच्या हातून तो बॉल सुटला, पण नंतर त्यांनी कल्पनाक्काला स्वतः मिठी मारली. शिवाय बी ब्लॉकला लाडू आवडले होते म्हणे. दोन दिवस दुधात भिजवून खाल्ले. अमृताताईंनी कृती मागितली आहे.

दामोदरपंतांचा ऊर भरून आला. लॉट चौदा शेवटी कुणीतरी पास केला होता.

कृष्णाबाई आपल्या घरी गेल्यावर कल्पनाताई फाइल घेऊन सोफ्याच्या कडेला बसल्या आणि नवीन पान काढलं. दिनांक : सव्वीस जानेवारी. स्थळ : घर. भाग : डावा घोटा. दोष : मुरगळला. स्मृतीने येऊन पाय बघितला होता, दहा-बारा दिवसांत बरं होईल म्हणाली होती. ‘कारण’ या शब्दाशी कल्पनाताई थांबल्या आणि नवऱ्याकडे बघितलं.

दामोदरपंत म्हणाले, “याचं राहू दे. आधी ते पहिलं पान काढ. त्यातला रकाना रिकामा आहे. लिही, पिशवी माझी होती. तू तीनदा चला म्हणाली होतीस. कारण मीच.”

एवढं बोलायला त्यांना नऊ आठवडे लागले होते. कल्पनाताईंनी पेन खाली ठेवलं. फाइलचं पहिलं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्या पानाकडे पंतांनी तेव्हापासून एकदाही बघितलं नव्हतं, दर वेळेस ते चिमटा लावून सरळ लॉटच्या पानावर जात. रकाना भरलेला होता. कल्पनाताईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : ‘शेंगा खरंच चांगल्या होत्या.’ खाली तारीख होती, पडल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

दामोदरपंतांनी ते दोनदा वाचलं. “म्हणजे तुझा राग नव्हताच? मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार?” कल्पनाताई म्हणाल्या. “तुम्ही स्वयंपाक करत होतात.”

त्या उठल्या, आत गेल्या आणि नऊ आठवड्यांनी आपल्या ओट्यावर स्वतःसाठी चहा टाकला. बाहेरून दामोदरपंतांनी आपल्यालाही अर्धा कप मागितला. कप आला, पण त्याच्या कानाला दोऱ्याने पिवळी चिठ्ठी बांधलेली होती. आधी पंधरा वेळा टाच हलवा, मग चहा.